ह्वे की होई आन? दोनच रात्री हाताशी असतील तर

मध्य व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरलात की दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर होई आन लागतं. उत्तरेला हाय वान घाटापलीकडे, शंभरेक किलोमीटरवर ह्वे. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, ह्वे १९९३ पासून आणि होई आन १९९९ पासून. पण दोघांचा पिंड अगदी वेगळा.

होई आन हे व्यापाऱ्यांचं बंदर. थू बोन नदी गाळानं भरत गेली, मोठी जहाजं दा नांगला लागू लागली आणि गाव मागे पडलं. जुनी लाकडी घरं टिकली ती त्यामुळेच. 'तान की' या जुन्या व्यापारी घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा सालांसकट जपल्या आहेत. पाणी चढलं की माडीच्या जमिनीतल्या झरोक्यातून सामान दोरीनं वर ओढून घ्यायचं, अशी घराची रचनाच आहे. सगळं पायी बघून होतं, त्यामुळे आईवडील सोबत असतील तर डोळे झाकून इथेच या. मात्र संध्याकाळी कंदिलांखाली पाय ठेवायला जागा नसते. खरं गाव भेटतं ते पहाटे. शिवाय 'मी सॉन' या ठिकाणची, प्राचीन चंपा राज्याच्या राजांची शिवमंदिरं इथून जवळ. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामात २०२० मध्ये तिथे नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग मिळालं.

ह्वे ही १८०२ ते १९४५ या काळातली न्गुयेन राजांची राजधानी. व्हिएतनाम युद्धातल्या १९६८ च्या लढाईत राजवाड्याची अतोनात हानी झाली. आत बऱ्याच ठिकाणी नुसती जोती आणि गवत दिसतं, म्हणून थोडं वाचून जा. राजांच्या समाध्या शहराबाहेर विखुरल्या आहेत, गाडी करावीच लागते. तू दुक राजानं आपली समाधी जिवंतपणीच बांधून घेतली आणि तिथल्या तळ्याकाठच्या मंडपात तो कविता करत बसे. समाधीलेख खरं तर मुलानं लिहायचा. त्याला मूल नव्हतं, म्हणून तोही त्यानंच लिहिला. त्या शिळेसमोर उभं राहिल्यावर माझं मत ह्वेच्या बाजूनं झुकलं, ते आजही तसंच आहे.

शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा. तिथे त्याचा अर्थच शाकाहारी. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर माशांपासून केलेला 'नुओक माम' सॉस पानात येतोच. ह्वेमध्ये बौद्ध वातावरणामुळे चाय खाणावळी सहज सापडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र दोन्हीकडे पूर येतात; फेब्रुवारी ते एप्रिल बघा.