एकच रांग की खिडकीगणिक रांग?

केसपेपरच्या तीन खिडक्या आहेत. नऊला गेट उघडतं आणि साडेनऊपर्यंत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त असा नाहीतर व्यवस्थापक, कधी ना कधी ठरवावं लागतं : प्रत्येक खिडकीसमोर वेगळी रांग, दोरी बांधून सगळ्यांची एकच रांग, की टोकन? तालुक्याच्या गावी अशाच एका व्हरांड्यात मी काही वर्षं रांग सांभाळली आहे. त्यावरून माझं मत आधीच सांगतो : एकच रांग लावा.

वेगवेगळ्या रांगांत काय होतं ते एकदा खिडकीजवळ उभं राहून बघा. एक आजी पुढे येतात. जुना केसपेपर एकात एक घातलेल्या तीन पिशव्यांच्या तळाशी असतो. तो निघतो, तर त्यावरचा नंबर पुसट झालेला. मग सुट्ट्या पैशांची शोधाशोध. आजींची काहीच चूक नाही, पण त्यांच्या मागचे बाराजण अडकून पडतात आणि त्याच वेळी शेजारच्या खिडकीतला कारकून मोकळा बसलेला असतो. एकच रांग असेल तर तेवढी एक खिडकी अडते, बाकीची रांग दुसऱ्या दोन खिडक्यांकडे सरकत राहते. आजींनाही पाठीमागून कुणी ‘आटपा लवकर’ म्हणत नाही.

आता आकडे. एका माणसाला सरासरी चार मिनिटं लागतात, म्हणजे खिडकीमागे तासाला १५ माणसं. लोक कधीही येतात आणि कामाला कमीजास्त वेळ लागतो असं धरू. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी १६ मिनिटं उभं राहावं लागतं. ९० टक्के झाली की ३६ मिनिटं, ९५ टक्के झाली की तब्बल ७६. गर्दी थोडीशीच वाढली आणि रांग गेटबाहेर गेली, असं आपण म्हणतो ते यामुळे. प्रत्येकी ९० टक्के वेळ कामात असलेल्या अशा दोन खिडक्यांना मिळून एकच रांग लावली, तर ३६ची १७ मिनिटं होतात. तीन खिडक्यांना लावली, तर सुमारे ११. माणसं तितकीच, कारकून तितकेच. या हिशोबाचा पाया डेन्मार्कचे गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी घातला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना, एक्स्चेंजला येणाऱ्या फोनच्या गर्दीवरचा त्यांचा पहिला निबंध १९०९चा आहे.

यावर कुणी म्हणेल, की लोक बघून रिकाम्या रांगेत जातातच की. जातात, आणि त्यामुळे वेगळ्या रांगांतला तोटा बराच भरूनही निघतो. पण उडी कोण मारतं? धडधाकट माणूस. काठी घेतलेले आजोबा, कडेवर तापाचं पोर असलेली बाई जिथे उभी असते तिथेच राहते. माझ्यासाठी निर्णय इथेच होतो.

एकच रांग कुठे नको, तेही बघितलं पाहिजे. काम पंधरा-वीस सेकंदांचं आणि सगळ्यांचं सारखंच असेल, उदाहरणार्थ प्रसादवाटप, तर दोरीच्या टोकापासून खिडकीपर्यंत चालण्यातच वेळ जातो. तिथे वेगळ्या रांगा बऱ्या. एक लांबलचक रांग बघून काहीजण दारातूनच परत फिरतात, तेव्हा ती पुढे सरकताना दिसायला हवी. नवा केसपेपर सहा मिनिटांचा आणि जुन्यावर शिक्का मारणं एका मिनिटाचं असेल, तर शिक्क्यासाठी एक खिडकी वेगळी काढा. मात्र तिथे कुणीच नसेल तेव्हा तिने नवे केसपेपरही घ्यावेत.

टोकन म्हणजे बसून लावलेली एकच रांग. गुडघेदुखीच्या माणसाला त्याचं मोल फार आहे. नंबर धरायला चपला आणि पिशव्या ओळीने मांडून ठेवणंही थांबतं. पण टोकनने कारकुनाचा हात वेगाने चालत नाही, आणि पुकारा ऐकू आला नाही की दहा-दहा सेकंद वाया जातात. वेळ ठरवून बोलावणं शहरात जमतं. आमच्याकडे साडेआठची एसटी एकदम चाळीसजण उतरवायची. त्यांना सव्वाअकराला या म्हणून काय उपयोग?

रांग कशीही लावा, उघडतानाच साठलेली गर्दी वेगळी मोजा. नऊ वाजता ६० माणसं उभी आहेत, तीन खिडक्या मिळून तासाला ४५ उरकतात आणि तासाला ४० नवी येत राहतात, तर गर्दी तासाला फक्त पाचाने उतरते. म्हणजे ती संपायला १२ तास! चौथी खिडकी उघडली तर तीच ६० माणसं तीन तासांत संपतात. दिवसभर चौथा माणूस परवडत नसेल तर सकाळी तीन तास द्या, किंवा खिडक्या आठला उघडा.

यानंतर मात्र डॉक्टरांच्या दाराशी आणि औषधांच्या खिडकीशी जाऊन बघा. केसपेपर झपाट्याने व्हायला लागले, की तीच माणसं तपासणीच्या बाकांवर जमतात, तिथून औषधांच्या खिडकीवर. आमच्याकडे औषधांची रांग वळून केसपेपरच्या खिडकीपर्यंत आली होती. नुसता पत्ता विचारायला आलेल्यालाही आत शिरता येत नव्हतं. हमरस्त्यावर टोलनाक्याची रांग मागच्या फाट्यापर्यंत पोचली, की टोलकडे न जाणाऱ्या गाड्याही अडकतात, तसंच हे. अशा वेळी केसपेपरची चौथी खिडकी उघडून फायदा नाही. तो माणूस औषधांच्या खिडकीवर बसवा. सर्वांत हळू चालणारी खिडकी आधी शोधा आणि तिच्या रांगेला दुसऱ्या वाटेवर न येणारी जागा द्या.

मोजायला कागद-पेन पुरतं. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला नियम असा : रांगेतली सरासरी माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. उद्या गर्दी स्थिर असताना डोकी मोजा. तीस असतील आणि तासाला ४५ उरकत असतील, तर शेवटच्या माणसाला ४० मिनिटं लागणार. तो शेवटचा माणूस उभा असतो तिथे दोरीला मोठ्या अक्षरांत पाटी लावा : ‘इथून साधारण ४० मिनिटं’. म्हणजे आजींना कळेल, की आधी बाकावर बसून डबा खाऊन घ्यायला वेळ आहे.