टाटा हॉस्पिटल, परळ: बाहेरून नेलेल्या स्लाइड-ब्लॉकची फेरतपासणी

टाटा हॉस्पिटलबद्दल लोक लिहितात ते बहुधा केमो, ऑपरेशन नाहीतर गर्दीबद्दल. मला त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल लिहायचंय. बाहेरच्या दवाखान्यात काढलेला तुकडा टाटाच्या पॅथॉलॉजी विभागानं, म्हणजे तुकड्यातल्या पेशी तपासणाऱ्या विभागानं, पुन्हा पाहिला, आईच्या आजाराला नाव दिलं आणि तो कुठवर पसरलाय ते शोधलं. या कामाला माझे पाचपैकी पाच.

आई ६८ वर्षांची, कराडजवळच्या गावातली. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. ती कुणाला बोलली नाही. लुगडी वेगळी धुवायला लागली तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात तपासणी झाली. योनीमार्गात गाठ आहे, साधा पॉलिप असेल, म्हणून ती काढली. लॅबचा रिपोर्ट आला त्यात पेशी कर्करोगाच्या आहेत एवढंच होतं, प्रकार लिहिलेला नव्हता. तेवढ्यावर गर्भपिशवी आणि आजूबाजूचं सगळं काढून टाकू असं आम्हाला सांगण्यात आलं. कुठला कॅन्सर हे माहीत नसताना एवढं मोठं ऑपरेशन कशाच्या आधारावर, हा प्रश्न भावानं विचारला. उत्तर मिळालं नाही, म्हणून आम्ही मुंबई गाठली.

जाण्याआधी ओळखीच्या एका लॅब टेक्निशियननं सांगितलं, "ताई, नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइडही पुरणार नाही. ब्लॉक मागून घ्या." हा सल्ला मी आता भेटेल त्याला देते. स्लाइड म्हणजे तुकड्याचा पातळ काप लावलेली काच, आणि ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा ज्या मेणात बसवून ठेवतात तो ठोकळा. त्यातून नवे काप काढता येतात आणि त्यांच्यावर नव्या चाचण्या करता येतात. तो नसेल तर पेशंटला पुन्हा टोचून तुकडा घ्यावा लागू शकतो. ब्लॉक आपल्याच शरीराचा आहे, लॅबकडे लेखी अर्ज करून मागताना संकोच करू नये.

टाटात नोंद होऊन फाइल नंबर मिळाला की स्लाइड आणि ब्लॉक जमा करायचे. निदान आलं ते म्हणजे योनीमार्गाचा मेलॅनोमा. मेलॅनोमा त्वचेवरच्या काळ्या डागाचा असतो, उन्हाशी त्याचा संबंध असतो, एवढं मी ऐकून होते. हा मात्र आतल्या ओलसर अस्तराचा, म्हणजे म्युकोसल मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तोंडात, नाकात, गुदद्वारात आणि योनीमार्गातही असतात, तिथून तो उगवतो. उन्हाचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुर्मिळ आजार आहे, आणि बहुतेकदा पाळी गेलेल्या बायकांनाच होतो.

पहिल्या लॅबला तो का ओळखू आला नाही, हे टाटातल्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. आईच्या गाठीत काळा रंगच नव्हता. असे बिनरंगाचे मेलॅनोमा साध्या रंगाईत दुसऱ्या कुठल्याही वाईट गाठीसारखे दिसू शकतात. म्हणून ब्लॉकमधून नवे काप घेऊन आयएचसी केली, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं खास रंगानं ओळखायची चाचणी. एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए या मेलॅनोमाच्या खुणा आल्या. साध्या कार्सिनोमाची आणि लिम्फोमाची खूण आली नाही. एखाद्याच खुणेवर विसंबायचं नाही, चारपाच एकत्र बघायच्या. हे सांगताना डॉक्टरांनी घाई केली नाही, म्हणून मला ते आजही पाठ आहे.

मग ओपीडीत डॉक्टर बाईंनी आईला चप्पल काढायला लावली. तळपाय, बोटांच्या फटी, नखं, टाळू, पाठ, डोक्याची त्वचा, सगळं पाहिलं, आणि डोळ्यांच्या तपासणीलाही पाठवलं. आई कावली. "दुखणं कुठं आणि बघताय कुठं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, हा मूळचा इथलाच आहे का दुसरीकडून आलाय, ते आधी बघायला हवं." आपल्याकडे त्वचेचा मेलॅनोमा बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली निघतो, आणि काट्याची जखम समजून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. आईच्या अंगावर कुठंच काही सापडलं नाही, तेव्हा गाठ योनीमार्गातलीच हे पक्कं झालं.

स्टेज कितवी, हा प्रश्न घरातला प्रत्येकजण फोनवर विचारत होता. या आजारात त्याचं सरळ उत्तर नाही. योनीच्या बाहेरच्या भागातल्या मेलॅनोमाला त्वचेच्या मेलॅनोमाचीच मोजपट्टी लावतात: गाठ किती मिलिमीटर खोल गेली आणि वरचं अस्तर फुटलंय का. १ मिलिमीटरपर्यंत पहिली पायरी, ४ च्या पुढं शेवटची. आतल्या योनीमार्गाच्या मेलॅनोमासाठी मात्र अशी स्वतःची मान्य पद्धतच नाही. योनीमार्गाच्या साध्या कॅन्सरच्या स्टेजवरून याचा अंदाज नीट बांधता येत नाही. डॉक्टरांनी कागदावर एखादा आकडा टाकून आमची बोळवण केली असती तर आम्हाला कळलंही नसतं. त्यांनी तसं केलं नाही. आजार जागच्या जागी आहे, जवळच्या लसिकागाठींत (शरीरात मुळातच असणाऱ्या छोट्या गाठी) गेलाय, की लांबच्या अवयवांत, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवू, म्हणाल्या.

त्यासाठी ओटीपोटाचा एमआरआय आणि पूर्ण शरीराचा पेट स्कॅन झाला. मेंदूचा एमआरआय वेगळा. पेट स्कॅनमध्ये सगळं दिसतं ना, मग हा कशाला, असं भावानं विचारलं. पेटमध्ये साखरेसारखं औषध टोचतात आणि ते जिथं जास्त खपतं ती जागा उजळ दिसते; मेंदू स्वतःच भरपूर साखर वापरतो, त्यामुळे तो सगळाच उजळ दिसतो आणि छोटा ठिपका त्यात लपतो, असं उत्तर मिळालं. जांघेतल्या लसिकागाठी सोनोग्राफीत बारकाईनं बघितल्या, कारण आईची गाठ योनीमार्गाच्या खालच्या भागात होती आणि तिथल्या लसिकेचा निचरा जांघेकडे होतो. वरच्या भागातली असती तर लक्ष ओटीपोटातल्या लसिकागाठींवर राहिलं असतं. गाठीची नेमकी जागा केस पेपरवर का लिहून हवी असते, ते मला तेव्हा समजलं. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर फक्त 'योनीमार्गातील गाठ' एवढंच होतं.

आजार दुसरीकडे गेलेला नव्हता. पॅथॉलॉजी, सर्जरी, रेडिएशन आणि औषधोपचाराच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं की गर्भपिशवीला हात लावायचा नाही, गाठीची जागा भोवतालच्या निरोगी किनारीसह काढायची. या आजारात अवयवच्या अवयव काढल्यानं आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही. जे ऑपरेशन आमच्यापुढे आधी ठेवलं होतं, त्यात आईचे हाल झाले असते आणि पदरात काहीच पडलं नसतं. हे आठवलं की आजही माझा जीव खालीवर होतो.

त्याच ब्लॉकमधून जनुकांची तपासणीही झाली, किट, बीरॅफ आणि एनरास. त्वचेच्या मेलॅनोमात बीरॅफचा बदल वारंवार सापडतो, अस्तराच्या मेलॅनोमात क्वचित. इथं किटमधला बदल काही जणींत निघतो, आणि निघाला तर इमॅटिनिबच्या गोळ्यांचा मार्ग असतो. आईत तो निघाला नाही. पुढे गरज पडलीच तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला आजाराशी लढायला लावणारं औषध, पण तिचा खर्च मोठा आहे. डॉक्टर त्याबद्दल आमच्याशी आधीच मोकळेपणानं बोलले, आणि समाजसेवा विभागात कुणाला भेटायचं तेही सांगितलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. निदान सांगताना डॉक्टर सुरुवातीला माझ्याकडे बघून बोलत होत्या. आई म्हणाली, "मला सांगा की. पोरीकडं कशापायी बघताय?" त्या लगेच खुर्ची वळवून तिच्यासमोर बसल्या, कागदावर चित्र काढलं आणि सगळं मराठीत सांगितलं. आजार कडक आहे, परत उलटू शकतो, हेही लपवलं नाही. आईनं चित्राचा कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

जाणाऱ्यांनी पहाटेच्या गाडीनं जावं आणि दिवसभराची तयारी ठेवावी, कारण देशभरातून माणसं येतात. मुक्कामाची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी. स्कॅनची फिल्म आणि सीडी दोन्ही जवळ ठेवा. फेरतपासणी संपली की ब्लॉक परत मागून घ्या आणि घरी कोरड्या, थंड जागी ठेवा. आमचा स्टीलच्या डब्यात आहे, आणि पुढच्या तपासणीला तो बरोबर घेऊन जाणार आहोत.