दांडिया बाजारातील स्पॅनिश वर्ग: ‘हेरुंदियो’चा धडा

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका लहान खासगी वर्गात मी गेले तीन महिने स्पॅनिश शिकत आहे. आम्ही नऊजण आहोत. बहुतेक गुजराती भाषक आणि तिघे मराठी. वर्गाची वेळ, बैठक आणि शुल्क यांविषयी तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते ‘हेरुंदियो’ या, मराठीतील ‘बोलत’, ‘खात’ यांसारख्या, क्रियापदरूपाच्या धड्याविषयी, कारण वर्गाचे खरे मोल मला तिथे कळले.

रूप सोपे आहे: ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, त्याचे ‘आब्लांदो’, ‘कोमेर’ म्हणजे खाणे, त्याचे ‘कोमिएंदो’. मात्र वर्गाच्या छापील पुस्तिकेत या रूपाची इंग्रजीतील ‘आयएनजी’शी सरसकट बरोबरी केली आहे, आणि त्यामुळे ‘पोहणे चांगले असते’ या वाक्यात आम्ही सर्वांनी ‘नादांदो’ लिहिले. तिथे मूळ रूप ‘नादार’ हवे. मराठी ‘पोहणे’ आणि ‘पोहत’ यांत कधीच गल्लत करत नाही. म्हणजे ही चूक आम्ही इंग्रजीतून उसनी आणली होती.

शिक्षिकांनी पुस्तिका मिटली आणि आम्हाला आपापल्या भाषेतली वाक्ये विचारली. ‘धावत आला’ याला ‘विनो कोर्रिएंदो’, ‘बोलत राहिला’ याला ‘सिगियो आब्लांदो’ आणि ‘मला कळत गेले’ याला ‘फुई एंतेंदिएंदो’, अशी जोड फळ्यावर लागत गेली, तेव्हा आपल्या ‘-त’ प्रत्ययाकडे मी प्रथमच इतक्या आदराने पाहिले. ‘कळत गेले’ मधील ‘जाणे’ हे प्रत्यक्ष चालणे नसून हळूहळू घडणे आहे, आणि स्पॅनिशमधील ‘ईर’ म्हणजे ‘जाणे’ हे क्रियापदही तेच काम करते. याहून वेगळे आहे ते ‘येवार’, म्हणजे नेणे: ‘येवो त्रेस मेसेस एस्तुदियांदो’ याचा अर्थ ‘मला शिकायला लागून तीन महिने झाले’ असा होतो. हे मात्र पाठच करावे लागते.

मराठीची साथ सर्वत्र पुरत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. ‘उद्या मी मुंबईला जात आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण ठरलेल्या बेतासाठी स्पॅनिशमध्ये हे रूप चालत नाही. तिथे साधा वर्तमानकाळ येतो. गुजरातीतील ‘हुं बोलुं छुं’ हे ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलत आहे’ या दोन्ही अर्थांनी वापरले जाते, म्हणून त्या सहाध्यायांसाठी ‘एस्तोय आब्लांदो’, म्हणजे ‘मी बोलत आहे’, याची वेगळी उजळणी झाली, आणि तो वेळ योग्यच खर्च झाला.

उणीव एकच जाणवली. ‘दोर्मीर’चे ‘दुर्मिएंदो’, ‘लेएर’चे ‘लेयेंदो’, ‘ईर’चे ‘येंदो’ ही अनियमित रूपे अखेरच्या दहा मिनिटांत उरकली गेली, आणि पुढच्या तासाला बहुतेकांचे अडखळणे नेमके तिथेच झाले. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेल तेव्हा या रूपांना स्वतंत्र पान द्यावे आणि फळ्यावरची ती मराठी-गुजराती वाक्येही त्यात छापावीत, अशी विनंती मी वर्गाला लेखी केली आहे.