रेबको टेप: करंट भरपूर, पण सोलली की संपली

यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड ९० केल्विनच्या वरही अतिसंवाहक असतं, म्हणजे रोधाशिवाय करंट वाहून नेतं, हे १९८७ साली कळलं. आता द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनवर चालणाऱ्या तारा लगेच मिळतील, असं तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात लांब टेप बाजारात यायला वीसेक वर्षं गेली. एवढा वेळ का लागला, ते टेपचा छेद पाहिला की कळतं. स्फटिकांची तोंडं एकमेकांपासून काही अंशांनी जरी फिरली तरी त्यांच्या सीमेवर करंट कोसळतो. म्हणून ५० मायक्रॉनच्या हॅस्टेलॉय (निकेलचा मिश्रधातू) पट्टीवर आधी ऑक्साइडचे पातळ थर एकाच दिशेत बसवावे लागतात, त्यावर १ ते २ मायक्रॉन रेबको (वरच्या ऑक्साइडच्याच कुटुंबातला अतिसंवाहक), मग चांदी आणि शेवटी दोन्ही बाजूंना तांबं. साधारण ०.१ मिलिमीटर जाडीत खरं काम करणारा माल एक-दोन टक्केच असतो. बाकीचं सगळं त्याला जपण्यासाठी.

हे परीक्षण ४ मिलिमीटर रुंदीच्या, प्रत्येक बाजूला २० मायक्रॉन तांबं असलेल्या टेपचं आहे. छोटी कॉइल किंवा करंट लीड (बाहेरचा करंट थंड भागात नेणारी जोडणी) करायची असेल तर हीच रचना घ्यावी, असं ठाम मत आहे.

माहितीपत्रकावर ७७ केल्विनला, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र नसताना, १०० ते १५० अँपिअर असा क्रिटिकल करंट, म्हणजे अतिसंवाहकता टिकेल असा कमाल करंट, दिसतो. आकडा खरा असतो, पण कॉइलमध्ये तो मिळत नाही. टेपच्या पृष्ठभागाला लंब असलेलं क्षेत्र टेस्लाच्या काही दशांशांवर गेलं तरी ७७ केल्विनला करंट निम्म्याखाली येतो. समांतर क्षेत्राचा त्रास बराच कमी. म्हणून हिशेब कॉइलच्या टोकांपाशी करायचा, कारण तिथे क्षेत्ररेषा वळून टेपच्या पृष्ठभागाला लंब भिडतात. नायट्रोजनवर पंप लावून तापमान ६५ केल्विनपर्यंत उतरवलं तर करंट जवळपास दुप्पट होतो. त्याखाली फार जाता येत नाही, ६३ केल्विनला नायट्रोजनच गोठतो.

रीळ आलं की १५ सेंटिमीटरचा तुकडा आधी तपासावा. टोकांना करंटच्या जोडण्या, मध्ये ५ सेंटिमीटर अंतरावर व्होल्टेजच्या दोन तारा, त्या एकमेकींना पीळ देऊन. निकष १ मायक्रोव्होल्ट प्रति सेंटिमीटर, म्हणजे ५ मायक्रोव्होल्टला थांबायचं. करंट हळू वाढवा. एन-मूल्य (करंट वाढवला की व्होल्टेज किती झपाट्याने चढतं ते सांगणारा आकडा) २५ असेल तर दहा टक्के जास्त करंटला व्होल्टेज दहापटीहून जास्त होतं, त्यामुळे पुरवठा आपोआप तोडायची सोय हवीच. चाचणीनंतर तुकडा कोरड्या वायूत गरम होऊ द्या. दव साचलं आणि ते कापलेल्या टोकातून आत शिरलं तर रेबको खराब होतो.

सोल्डरिंगमध्ये सर्वाधिक माल वाया जातो. तापमान २०० अंश सेल्सिअसच्या खाली आणि वेळ काही सेकंदच. जास्त तापवलं की रेबकोतला ऑक्सिजन निघून जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंडियम-टिन ११८ अंशांना वितळतं, नेहमीचं टिन-शिसं १८३ला. पहिलं सुरक्षित, दुसरं सवयीच्या हातालाच. फ्लक्स सौम्य रोझिनचा घ्या, आम्लाचा नको. जोड देताना दोन्ही टेपांच्या रेबकोच्या बाजू समोरासमोर यायला हव्यात. उलटी बाजू लागली तर मधले ऑक्साइड थर जवळजवळ विद्युतरोधक असल्याने करंटला कडेच्या तांब्यातून वळसा घालावा लागतो आणि रोध कित्येक पटींनी वाढतो. तांबं चढवल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून रिळावरची खूण पाहून प्रत्येक तुकड्यावर लगेच मार्करने रेघ ओढा. नीट दिलेल्या १० सेंटिमीटरच्या जोडाचा रोध काही दशक नॅनो-ओहम येतो. ५० धरला तरी १०० अँपिअरला उष्णता अर्धा मिलिवॉट.

आता खरा दोष. लांबीच्या दिशेने ही टेप शेकडो मेगापास्कल ताण सहज पेलते, मात्र थर एकमेकांपासून ओढले गेले तर काही दशक मेगापास्कललाच सुटतात, आणि कडेने सोलणारं बल असेल तर त्याहून फार कमीला. कॉइल एपॉक्सीत बुडवली की थंड होताना एपॉक्सी टेपपेक्षा जास्त आकसतं आणि रेबको थर उपटून काढतं. कॉइल पहिल्याच थंडाईत निकामी होण्याचं हे नेहमीचं कारण. पॅराफिन मेण वापरा, ते स्वतः तडकतं पण टेपला ओढत नाही. वाकवताना रेबको आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे तो दाबला जातो, ताणला जात नाही. ५० मायक्रॉनच्या पट्टीला १५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्या देऊ नका.

क्वेंचचा, म्हणजे एखाद्या भागातली अतिसंवाहकता अचानक जाण्याचा, धोका वेगळाच. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेत अतिसंवाहकता गेलेला भाग सेकंदाला काही मीटर पसरतो आणि व्होल्टेज पटकन दिसतं. रेबको टेपमध्ये तो सेकंदाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटरच सरकतो. उष्णता एकाच जागी साठते, आणि १५० अँपिअर त्या ०.१६ चौरस मिलिमीटर तांब्यात शिरला तर घनता ९०० अँपिअर प्रति चौरस मिलिमीटरच्या वर जाते. सेकंदाच्या आत टेप जळू शकते. वेढ्यांमध्ये विद्युतरोधक न घालणं हा चांगला उपाय, कारण करंट शेजारच्या वेढ्यात सरकतो. २०१९ साली ४५.५ टेस्लापर्यंत पोचलेली छोटी कॉइल अशीच बांधलेली होती. बदल्यात कॉइल भरायला वेळ लागतो, आणि क्षेत्र भराभर बदलायचं असेल तर ही पद्धत उपयोगी नाही.

२० केल्विनच्या आसपास, कमी क्षेत्रात काम असेल तर मॅग्नेशियम डायबोराइडची गोल तार स्वस्त आणि गुंडाळायला सोपी पडते. तिथे रेबकोचा हट्ट नको.

मागणी देताना क्रिटिकल करंटची सरासरी घेऊ नका, पूर्ण लांबीवरचा आलेख मागा. एका ठिकाणची काही मिलिमीटरची खोल खाच अख्ख्या कॉइलची मर्यादा ठरवते. टेप सलग आहे की मध्ये कारखान्यातला जोड आहे, आणि असेल तर किती मीटरवर, हेही लेखी घ्या, म्हणजे तो जोड कॉइलच्या सर्वात आतल्या वेढ्यात येणार नाही अशी गुंडाळणी ठरवता येते.