बेल्ट ड्रेसिंग स्प्रे: चिरचिर थांबते, पट्टा जळतच राहतो

गुण: ५ पैकी १

बॉनेटमधून रबर जळाल्यासारखा वास यायला लागला आणि गाडी सुरू करताना चींऽऽ असा आवाज आला, की हा डबा हमखास हातात पडतो. वापरायला सोपा आहे. इंजिन चालू ठेवायचं, फॅन बेल्टच्या, म्हणजे इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या, धारांवर (आतल्या बाजूच्या लांबट उंचवट्यांवर) फवारा मारायचा, आवाज बंद. तो एक गुण याच कामाचा. पण आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही.

आत असतो चिकट पदार्थ आणि तो पातळ ठेवणारा द्रावक. पट्टा चिकट झाला की पुलीवर, म्हणजे तो ज्या चाकावरून फिरतो त्यावर, पकड येते. जुन्या कारखान्यांत चामड्याचे सपाट पट्टे असत, त्यांना मऊ ठेवायला असलं काहीतरी लावावंच लागे. आजच्या उभ्या धारांच्या रबरी पट्ट्याला त्याची गरज नाही. उलट चिकटपणावर धूळ बसते, पुलीच्या खाचा भरतात आणि धार खाचेत नीट बसेनाशी होते. थोड्याच दिवसांत पट्टा पुन्हा घसरतो, पुन्हा तापतो, पुन्हा वास. शिवाय द्रावक पेट घेणारा. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी चालत्या इंजिनात तो फवारणं हे धाडसच म्हणायचं.

सर्वांत मोठा तोटा म्हणजे हा स्प्रे निदानच पुसून टाकतो. पट्टा ढिला असो वा पुल्या एका रेषेत नसोत, दोन्हींचा आवाज तो सारखाच गप्प करतो. त्यापेक्षा झाडांवर मारायची साध्या पाण्याची बाटली घ्या. इंजिन आयडलवर (रेस न देता) चालू ठेवून, हात, बाह्या आणि केस पट्ट्यापासून दूर ठेवून, धारांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुली तिरकी आहे. आवाज वाढला, तर ताण कमी पडून पट्टा घसरतोय. एसी लावल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वास वाढत असेल तरी संशय याच पट्ट्यावर, कारण तेव्हा त्याच्यावरचा भार वाढतो.

पुढचं काम इंजिन बंद आणि गार असताना, किल्ली काढून. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होतो, हे विसरू नका. पट्ट्याच्या मार्गाचा आधी फोटो काढा, मग टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) पान्याने फिरवून पट्टा सोडवा. आता एकेक पुली हाताने फिरवा: टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला नुसतं वळण देणारी पुली), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), वॉटर पंप, एसी कॉम्प्रेसर. खरखर लागली, हलवल्यावर डुगडुगली किंवा फिरलीच नाही, तर बेअरिंग गेलंय. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असताना मोकळी फिरायलाच हवी. जाम पुलीवर पट्टा नुसता घासत राहतो आणि धूर निघतो तो तिथेच. अशा गाडीत नवा पट्टा टाकला तर तोही जळणार.

उतरवलेला पट्टा उजेडात उलटा वाकवून पाहा. घसरलेल्या पट्ट्याच्या धारा काचेसारख्या चकाकतात, नख लावलं तर निसटतं, आणि आसपासच्या कव्हरवर काळी भुकटी बसलेली असते. भेगा नाहीत म्हणून पट्टा चांगला, हा समज जुना झाला. हल्लीचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे पट्टे भेगाळण्याऐवजी टायरसारखे झिजतात. ती झीज मोजायला प्लॅस्टिकची छोटी मापपट्टी मिळते, आणि ती या स्प्रेपेक्षा कितीतरी उपयोगी. पट्ट्यावर तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दिसलं तर आधी गळती बंद करा.

नवा पट्टा घेताना पाठीवरचा आकडा जुळवा. ६पीके१०७० म्हणजे ६ धारा आणि लांबी १०७० मिमी. ‘जरा घट्ट बसेल’ म्हणून आखूड घेतला, तर बेअरिंगांवर नको तेवढा ताण येतो. स्प्रिंगचा टेन्शनर इंजिन चालू असताना थरथरत असेल तर तोही बदला. आधी स्प्रे मारलेला असेल तर पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा, नाहीतर तोच चिकटा नव्या पट्ट्याला लागतो. टेन्शनर नसलेल्या काही गाड्यांत ताणून बसवायचा पट्टा असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने ओढून चढवू नका, त्याचं वेगळं हत्यार येतं.

वास पट्ट्याचा नसेल तर हा डबा उघडूच नका. चढावर अर्धा क्लच दाबून ठेवल्यावर येणारा वास क्लच प्लेटचा. एकाच चाकाशी वास आणि तेच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल, तर ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) किंवा हँडब्रेक अडकलाय. इन्फ्रारेड थर्मामीटरने डावं-उजवं ताडून बघा, पण चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो. गोडसर वास कूलंटचा, उग्र वास एक्झॉस्टवर ठिबकणाऱ्या तेलाचा. वायरचं आवरण जळाल्यासारखा वास आला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करा. एक्झॉस्टला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवीही हुबेहूब असाच वास देते, म्हणून खाली एकदा वाकून पाहाच.

पट्टा बसवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून धारा मोजा. एखादी धार खाचेबाहेर लटकत राहणं ही बसवतानाची नेहमीची चूक आहे, आणि तसा पट्टा चालवला की कडेने सोलवटून जातो. पाच मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा मोजा.