वीस हजारांतला होम थिएटर : एक पावसाळा आणि एक चवथ काढल्यानंतर

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून गोव्यात भरतो आणि दरवर्षी नोव्हेंबरात तीन-चार दिवस रजा टाकून मी पणजीला जातो. त्याचा तोटा एवढाच, की परत येऊन घरच्या टीव्हीसमोर बसलं की जीव नकोसा होतो. हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर एक तर खाली तोंड करून असतात, नाहीतर भिंतीकडे. पात्र आपल्याशी बोलतंय की पाठ फिरवून कपाटाशी, तेच कळत नाही. गेल्या वर्षी परतल्यावर ठरवलं, आता काहीतरी करायचंच. खिशात होते वीस हजार, त्यावर एक रुपया नाही.

आमचं घर फोंड्याजवळ. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली लाल गुळगुळीत जमीन, पुढच्या पडवीवर पत्रे. हे आत्ताच सांगतो, कारण पुढची अर्धी कहाणी घराचीच आहे.

दुकानात गेलं की पहिल्यांदा वॉट दाखवतात. हजार वॉट, दोन हजार वॉट, त्यावर निळे-जांभळे दिवे. मी एक डबा उलटा करून मागची पट्टी वाचली. विजेचा वापर लिहिला होता 60 वॉट. भिंतीतून 60 घेणारं यंत्र सतत हजार कुठून देणार? तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो आणि त्याला कसलं ठरलेलं मापच नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. आणि तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटवर तो किती डेसिबल देतो ते वाचावं. 86 डेसिबलच्या जागी 89 चा स्पीकर मिळाला, तर अँप्लिफायर न बदलताच वॉट दुप्पट केल्याइतका फायदा झाला.

म्हणून सेकंडहँडच्या वाटेला गेलो. मडगावला एकाकडे मोठे देखणे स्पीकर होते, किंमतही मोहात पाडणारी. जाळी काढून वूफरच्या (खर्ज काढणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) कडेच्या फोमवर सहज बोट टेकवलं, तर ओल्या बिस्किटासारखा तुटून बोटाला चिकटला. आपल्याकडच्या दमट हवेत जुना फोम असाच कुजतो. रबराची कड टिकते. मालक म्हणाला, "वाजतंय ना पण?" वाजत होतं खरं. मी हात पुसले आणि निघालो. तेव्हापासून बघायला जाताना घरचा एक छोटा स्पीकर सोबत नेऊ लागलो. अँप्लिफायरच्या पाचही चॅनलना एकामागून एक तोच लावायचा, म्हणजे कुठला चॅनल मेला आहे ते लगेच कळतं. आवाजाचं बटण हळूहळू फिरवून खरखर ऐकायची. झाकणाच्या फटींना नाक लावायचं. जळका वास लपत नाही.

शेवटी हिशेब असा बसला : जुना 5.1 चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर अशा मांडणीचा अँप्लिफायर) साडेआठ हजार, रबरी कडांचे पुढचे दोन स्पीकर पाच हजार, मधला सेंटर स्पीकर नवा ऑनलाइन चार हजार दोनशे, वायर वगैरे अकराशे. एकूण 18,800. फेब्रुवारीत एवढ्यावरच थांबलो. मे महिन्यात साडेसहा हजारांचा आठ इंची सबवूफर आला आणि मागचे दोन छोटे स्पीकर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर दोन हजारांत मिळाले. म्हणजे वीस हजारांची रेघ ओलांडलीच, पण सहा महिन्यांत विभागून, घरात भांडण न होता.

सेंटर स्पीकर पहिल्यांदा आला तो पडद्याला पोचा पडलेला. बदलून मिळायला एकोणीस दिवस आणि चौदा फोन. कंपनीचं नाव घेत नाही, पण डबा उघडतानाचा व्हिडिओ काढला नसता तर पैसे बुडालेच होते.

एवढं होऊनही माझं मत हेच, की बजेट तुटपुंजं असेल तर मागचे स्पीकर नंतर घ्या, सबवूफर नंतर घ्या, पण सेंटरला काटछाट करू नका. सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं त्यातूनच येतं. आमच्या आईला कमी ऐकू येतं. तिच्यासाठी रिसीव्हरमध्ये फक्त सेंटरची पातळी 4 डेसिबलने वर केली आणि "काय म्हणाला तो?" हे घरातलं पालुपद बंद झालं. हे साउंडबारवर जमतंच असं नाही.

माझा मूर्खपणाही सांगतो. पहिले दोन आठवडे मी जे 5.1 म्हणून कौतुकाने ऐकत होतो ते साधं स्टीरिओ होतं. रिसीव्हर जुना, त्याला एचडीएमआय एआरसी, म्हणजे त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज परत घेण्याची सोय नाही (ती 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आली), म्हणून टीव्हीतून ऑप्टिकल केबल लावली होती. पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडून दिलेला) होता आणि ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनलचं जातं. ते बदलून बिटस्ट्रीम (मूळ आवाज न उलगडता तसाच पुढे) केलं, तेव्हा रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी डिजिटल ही अक्षरं उमटली. ती उमटतात की नाही हे पहिल्या दिवशीच बघा.

बाबांचं प्रकरण वेगळं. त्यांना सिनेमात रस नाही. त्यांना हवं नाट्यसंगीत, तेही जुन्या ध्वनिमुद्रणांचं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बुवा टीव्हीच्या खाली पेटीत बसून गातोय." खरंच होतं. रिसीव्हरमध्ये प्रो लॉजिक, म्हणजे दोन चॅनलचा आवाज जास्त स्पीकरांत वाटून देणारी सोय, चालू होती. त्यात डाव्या-उजव्या चॅनलमध्ये जे सारखं असतं ते मधल्या स्पीकरकडे पाठवलं जातं, आणि जुनं मोनो ध्वनिमुद्रण तर दोन्हीकडे सारखंच. स्टीरिओवर टाकलं की गाणं पुढच्या दोन्ही स्पीकरमधून येतं आणि बुवा मोकळा होऊन मधोमध उभा राहतो. आता संध्याकाळी सात ते आठ रिमोट बाबांकडे असतो.

खोलीवर खर्च जवळपास शून्य. लाल जमिनीमुळे टाळी वाजवली की टणटण घुमायचं. समोर जाड सतरंजी आणि खिडक्यांना सुती पडदे आले आणि संवाद स्वच्छ झाले. सबवूफरची जागा शोधायला एक जुनी युक्ती आहे : तो आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, जड ठेक्याचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे ठोका घट्ट आणि सारखा ऐकू येईल ती त्याची जागा. मी रांगत असताना आई आत आली आणि विचारलं, "काय हरवलं रे?" कोपऱ्यात ठेवला तर घुमतो आणि भांड्यांची मांडणी थरथरते, तेव्हा कोपरा टाळला.

मग पाऊस आला. पत्र्यावर जुलैचा पाऊस पडायला लागला की कुठलाही स्पीकर हरतो. आवाज वाढवला तर बोलणं जेमतेम ऐकू येतं आणि पुढच्या स्फोटाला शेजारी दारात. "कितें रे हें?" एवढंच विचारलं त्यांनी, पण समजायचं ते समजलो. रिसीव्हरमधला नाइट मोड तेव्हा कामाला आला. तो मोठा आवाज दाबतो, लहान वर काढतो. मजा जाते, पण गोष्ट कळते.

ओलाव्याने मात्र खरा त्रास दिला. ऑगस्टमध्ये डावा स्पीकर मध्येच गप्प व्हायचा. वायर उपसून बघितली तर टोक काळंहिरवं पडलेलं. अर्धा इंच कापून नवं टोक काढलं, लगेच वाजला. वायर घेताना सुरीने एक तार खरवडून बघा. आतून पांढुरकी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तांब्याच्या भावात घेऊ नका. मी 16 गेजची शुद्ध तांब्याची घेतली, तरीही टोकांचं हे होतंच. रिसीव्हर बंद कपाटात कधीच ठेवू नये. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी तापवावा, म्हणजे आतली ओल उडते. वरच्या फटींवर मी बारीक जाळी बसवली आहे. फोंड्यातल्या मेकॅनिककडे एका रिसीव्हरच्या पोटातून निघालेली वाळकी पाल पाहिल्यापासून. विजा सुरू झाल्या की प्लग तर काढतोच, केबल टीव्हीची वायरही काढतो, कारण दणका तिकडूनही येतो. तीच वायर सतत ऐकू येणाऱ्या गुणगुणीचंही कारण निघाली. ती उपसली की हूं आवाज बंद. मग तिच्या मध्ये एक छोटा आयसोलेटर बसवून घेतला.

चवथीला सगळं मोडलं. टीव्ही जिथे आहे तिथेच आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसतो आणि वर माटोळी (फळाफुलांनी सजवलेली चौकट) बांधतात. स्पीकर आतल्या खोलीत, वायरींचं भेंडोळं खाटेखाली. पाच दिवसांनी विसर्जन झाल्यावर घाईघाईत पुन्हा जोडलं. वाजत होतं सगळं, पण काहीतरी बिनसलं होतं. खर्ज गेला होता आणि आवाज नक्की कुठून येतोय तेच समजेना. मी सेटिंगांशी दोन दिवस झटापट केली. बाबा ऐकत होते ते शेवटी म्हणाले, "गाणारा मधोमध उभा राहीना. कधी या कानात, कधी त्या." तेव्हा प्रकाश पडला. उजव्या स्पीकरची अधिक-उणे उलटी लागली होती. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात. दोन वायरी अदलाबदल केल्या, बुवा परत मधोमध.

आता प्रत्येक वायरीच्या अधिक टोकाला बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. बाटली अर्धी संपली म्हणून तिने नवी मागितली आहे, तो खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही.