गवताचं छप्पर की कौलं? सफोकमधलं जुनं घर घेताना

इंग्लंडमध्ये सफोककडे लाकडी चौकटीचं जुनं घर शोधायला लागलात की शेवटी दोन घरं मनात घोळत राहतात. एक गवताने शाकारलेलं, दुसरं कौलारू. भिंतींच्या बाबतीत ही सख्खी भावंडं. ओकचे खांब आणि तुळया, मधे काठ्यांचा कूड, वर माती-चुन्याचा गिलावा. आजोळ कोकणात असेल तर कूड काय ते सांगायला नको. पथ्यही एकच: सिमेंटचा हात लावायचा नाही. त्याने ओल आत कोंडते आणि तीन-चारशे वर्षं टिकलेलं लाकूड कुजायला लागतं. तेव्हा भिंती पाहून झाल्या की मान वर करा.

गेल्या नोव्हेंबरात एका गवती घराच्या वळचणीखाली मी पाऊस थांबायची वाट बघत उभा होतो. पन्हळ नाही, पागोळ्या थेट खडीवर पडत होत्या. पण छप्पर इतकं पुढे आलेलं की भिंत कोरडी ठाक. वळचणीच्या कडेने हेझल नावाच्या झुडपाच्या चिरलेल्या काड्या तिरप्या टाचलेल्या. हा इथल्या गव्हाच्या लांब काडाच्या शाकारणीचा ढंग. हे काड साधारण 15 ते 25 वर्षं टिकतं, पाणथळीतला बोरू 25 ते 40. आढं मात्र दोन्हींत 10-15 वर्षांनी नव्याने बांधावं लागतं. आजचा गहू बुटका आणि कापणीयंत्र काड मोडून टाकतं, म्हणून या छपरासाठी जुन्या उंच वाणाचा गहू मुद्दाम पेरतात. मग काम स्वस्त कसं होणार? शिवाय घर संरक्षित जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत असेल, आणि अशी घरं बहुतेक असतातच, तर काड काढून बोरू घालायलाही बऱ्याचदा परवानगी लागते. परवानगीशिवाय फेरफार केला तर तो गुन्हा.

आगीचं भय खरं आहे, पण ते आपल्या फोडणीचं नव्हे. धोका धुरांड्याचा. लाकडाची शेगडी पेटवायची असेल तर धुरांडं नियमित साफ हवं, आणि विमा कंपनी त्याची पावतीही मागू शकते. विमाही सहसा गवती छपरांचं काम करणाऱ्यांकडूनच घ्यावा लागतो. मोबदल्यात मिळतं काय? उन्हाळ्यात माडीवर गारवा, थंडीत ऊब, आणि पाऊस पडतोय हे खिडकीतून बघावं लागतं, इतकी शांतता.

कौलारू घराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तोच त्याचा गुण. एक कौल फुटलं तर एक बदला. विमा सोपा. माडी मात्र थंड पडते, वरून उष्णतारोधक थर द्यावा लागतो, आणि कौलांच्या भाराने जुने वासे कुठे वाकलेत का ते जाणकाराला दाखवून घ्यावं.

माझं मत: छपराला निदान दहा वर्षं बाकी असतील आणि दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकणं जमणार असेल तर गवताचं घ्या. नसेल तर कौलारू. आढं शेवटचं कधी बांधलं, हे तोंडी ऐकू नका, बिल मागा.

त्या नोव्हेंबरातल्या घराच्या आजीबाईंनी बिस्किटांच्या डब्यातून बिलं काढून टेबलावर मांडली, चहाही दिला. सगळ्यात वरचं बिल अठरा वर्षांपूर्वीचं होतं. आम्ही आता कौलारू घरात राहतो.